जावयाचा दगड

कोल्हापुरात छाती काढून चालणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण पाठ कमावलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक निघाला हे माझं नशीब. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला म्हणून कोल्हापुरात आलो आणि मंगळवार पेठेत त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. समोरून पाहिलं तर अण्णांमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं. बेताची उंची, जाड काचांचा चष्मा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि शर्टाच्या दोन बटणांमधून डोकावणारं गोल, समाधानी पोट. कुणीही त्यांना एखाद्या कचेरीतला कारकून समजावं. पण अण्णा वळले, की बोलणारा माणूस बोलायचं थांबून बघत राही. मानेपासून माकडहाडापर्यंत ओळंब्यानं आखल्यासारखी सरळ पाठ, कण्याच्या दोन्ही अंगांनी उठून दिसणारे स्नायू, आणि मांड्यांच्या मागे, जिथं माझ्यासारख्यांच्या पँटला नुसत्या चुण्या पडतात, तिथं त्यांचा पायजमा भरून उरलेला. देवानं पुढची बाजू एकाची आणि मागची दुसऱ्याची अशी जोडून त्यांना घाईघाईत खाली पाठवलं असावं, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. मागची बाजू देवाची नव्हतीच, ती अण्णांनी स्वतः घडवली होती, हे नंतर कळलं.

आणि एवढी पाठ कमावून अण्णा उचलत काय होते, तर पत्रावळी. पत्रावळी-द्रोणांचं त्यांचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. याहून हलका धंदा जगात फक्त फुगेवाल्याचा असेल. पण खालच्या फळीवरचा पन्नास पत्रावळींचा गठ्ठा काढायचा झाला, तरी अण्णा आधी त्याच्यापुढं सरळ उभे राहत. पायांत खांद्याएवढं अंतर. चवडे किंचित बाहेर. मग पार्श्वभाग मागे, छाती पुढे, पाठ सपाट, पोटात श्वास भरून घेतलेला, आणि उचलताना तोंडातून एक खोल 'हं'. आत लोखंड असल्याच्या समजुतीनं नवं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरे. गठ्ठा हातात घेताना ते असा काही जोर लावी, की पत्रावळी डोक्यावरून मागे जायच्या. मी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, पत्रावळीला एवढं कशाला?" तर म्हणाले, "मास्तर, वजनाचा प्रश्न न्हाई. वाकायचा प्रश्न हाय. अंगाला काय कळतंय वर पत्रावळ हाय का धोंडा? त्याला सवय कळती."

आमची खरी ओळख झाली ती मी जिन्यात ओणवा अडकलो तेव्हा. भरलेला गॅस सिलिंडर माडीवर न्यायचा होता. वाकलो, धरला, हिसका मारला, आणि कमरेत काहीतरी असं सटकलं, की मी होतो तिथं, होतो तसाच राहिलो. सिलिंडर सोडवेना आणि सरळ होववेना. अण्णा दुकानातून जेवायला घरी आले होते. मला बघून त्यांनी मुळीच घाई केली नाही. जिन्यात जेवढं फिरता येतं तेवढं माझ्याभोवती फिरून त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "पाठीनं उचलला न्हवं?" मी दात आवळून हो म्हणालो. "पाठ म्हंजे काय क्रेन हाय व्हय? पाठीचं काम गप धरून ऱ्हायचं. उचलायचं काम हितलं," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या मांडीच्या मागच्या बाजूला फाडकन चापट मारली. जिना दणाणला. मग त्यांनी सिलिंडर उचलून माझ्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, खाली आले आणि मला उचलून सिलिंडरशेजारी नेऊन ठेवलं. दोन्ही वेळेला 'हं' अगदी सारखाच होता, याचं मला जरा वाईट वाटलं.

पंधरा दिवस डॉक्टरांच्या गोळ्या आणि वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, गरम विटेचा शेक चालला. सोळाव्या दिवशी सकाळी सहाला अण्णांनी मला खाली परसात बोलावलं आणि जळमटं काढायच्या झाडूची काठी माझ्या हातात दिली. ही काठी पाठीमागे उभी धरायची. ती डोक्याला, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि ती टेकलेली ठेवूनच खुब्यातून वाकायचं. "एक जरी जागा सुटली तरी नापास," अण्णा म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांना नापास करत आलेला मी त्या काठीपुढं सलग पाच आठवडे नापास झालो. काठी झाली की भिंत. भिंतीकडं पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहायचं, गुडघे नावाला वाकवायचे आणि पार्श्वभागानं भिंत शिवून यायची. जमलं की आणखी चार बोटं पुढं. अकरावी-बारावीच्या मुलांना धाकात ठेवणारा मी रोज सकाळी परसाच्या भिंतीला मागून शिवत होतो आणि शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावत होत्या. अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते माझ्या मांडीमागे बोट खुपसून विचारत, "हितं वढ लागाल्या का? लागली तर बरोबर. कमरंत लागली तर डॉक्टरचं घर जवळ आलं." तीन महिन्यांनी एका सकाळी मी सिलिंडर उचलला आणि कमरेत काहीच झालं नाही. मी तो उगाचच दोनदा खाली-वर केला. एवढा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पण ही विद्या आपल्यापुरती ठेवतील तर ते अण्णा कसले. रस्त्यात कुणी वाकलं की त्यांचा जीव वरखाली होई. दूधवाल्यानं कॅन उचलला, बाईनं बादली उचलली, कुणी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलं, तरी दुकानातून आरोळी येई, "पावणं! खुब्यातनं वाका की!" पाहुणा दचकून ताठ उभा राही आणि इकडंतिकडं बघून निघून जाई. एका लग्नात पत्रावळी पोचवायला ते गेले होते, बरोबर मी होतो. वडीलधारे म्हणून नवरा-नवरी त्यांच्या पाया पडायला वाकले. अण्णांनी आशीर्वाद द्यायच्या आधी नवऱ्याचे दोन्ही खांदे धरून त्याला परत उभं केलं. "पाठीला पोक काढून नमस्कार करत्यात व्हय? सवसार उचलायचा हाय तुला. पुन्यांदा." तिसऱ्या खेपेला नवरा बरोबर वाकला, तोवर मागे पाकिटं घेऊन उभ्या असलेल्या लोकांची रांग मांडवाबाहेर गेली होती. माणसांकडं मागूनच बघायच्या सवयीनं त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात पुढं चाललेल्या माणसाला नावानं हाक मारत आणि त्यानं वळून पाहिलं की "कोण हो तुमी?" म्हणून विचारत. तालमीतली तरणी पोरं अधूनमधून सल्ला मागायला येत. दंड कसा फुगवायचा, छाती कशी भरायची. अण्णा त्यांना परसात नेत. परसात आरसा नव्हता. पोरं आरसा शोधायची, अण्णा काठी द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पोरं यायची बंद व्हायची. "पुढचं आरशाला दिसतंय," ते मला म्हणत, "मागचं वझ्याला कळतंय. वझं खोटं बोलत न्हाई, मास्तर."

त्यांच्या व्यायामाचं सामान हा सगळ्या गल्लीच्या अभिमानाचा विषय होता. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आल्यावर घरोघरचं दळणाचं जातं अडगळीत पडलं. अण्णांनी घरोघर जाऊन प्रत्येक जात्याचा वरचा दगड मागून आणला. त्याला मधोमध भोक असतंच. भंगार बाजारातून आणलेली लोखंडी कांब त्यांतून घालून दोन्ही टोकांना पाचरी ठोकल्या, की झालं अण्णांचं वजन तयार. असे आठ दगड होते, आणि अण्णा किलोत कधी बोलत नसत. ज्या बाईचं जातं, तिचं नाव वजनाला. "आज मास्तरीणबाई आन् दूधवाली मावशी लावली," ते सांगत, "उद्या त्यांच्यावर सोनारकाकू चढवायची." तिऱ्हाइताला हे ऐकून काय वाटत असेल ते असो. सगळ्यांत जड दगड होता कोपऱ्यावरच्या आत्याबाईंचा. आत्याबाई स्वतः काडीसारख्या होत्या, पण येता-जाता परसात डोकावून विचारत, "काय रं, उचलली का न्हाई मला?" अण्णा खाली मान घालून म्हणत, "प्रयत्न चालू हाय आत्या."

हे सगळं कशासाठी, ते मला वहिनींनी सांगितलं, आणि ज्या परिस्थितीत सांगितलं ती मी विसरणं शक्य नाही. एका रविवारी सकाळी भाडं द्यायला खाली गेलो, तर सोप्यात घोंगडीवर अण्णा गुडघे टेकून होते आणि त्यांच्या पोटऱ्यांवर, त्यांच्याकडं पाठ करून, वहिनी मांडी घालून तांदूळ निवडत बसल्या होत्या. वहिनींचं वजन पायांवर घेऊन अण्णा गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचं अंग सरळ ठेवत हळूहळू पुढं झुकायचे, नाक जमिनीला लागेपर्यंत जायचे आणि मांड्यांच्या मागच्या जोरावर तसेच वर यायचे. मी परत फिरणार तोच वहिनी म्हणाल्या, "बसा की भावजी. ह्यांचं धा झाल्याबिगर मला उठता येत न्हाई." मग सुपातले खडे वेचता वेचता त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर हुपरीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात. तिथं महादेवाच्या देवळापुढं एक गोल, गुळगुळीत दगड आहे. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला नव्या जावयानं तो उचलायचा आणि पाच पावलं चालायचं. मग सासरा स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून जावयाच्या डोक्यावर ठेवतो.

"आणि नाही उचलला तर?" मी विचारलं.

"तर काय न्हाई. बोडक्या डोक्यानं जेवाय बसायचं. पर ह्यांचं तेवढ्यावर भागलं न्हाई. धोंडा बोटभर हालला आन् ह्यांच्या कमरंत उसण भरली. चार माणसांनी बाजल्यावर पालथं घालून घरला आणलं. वर आमचा अप्पा, माजा बा, सगळ्या गावासमोर बोलला, 'पत्रावळी इकणाऱ्यानं पत्रावळीच उचलाव्यात.' वीस वर्सं झाली. तवापास्नं ह्यांनी माझ्या म्हायेरची पायरी चढली न्हाई."

"सात," जमिनीकडून अण्णांचा आवाज आला.

दर जत्रेला वहिनी एकट्या माहेरी जात. अण्णा त्यांची पिशवी, अर्थातच खुब्यातून वाकून, उचलत, त्यांना स्टँडवर नेऊन गाडीत बसवत आणि परत येऊन परसात जात. बाजारात गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, उचलण्यात जन्म घालवलेल्या एका म्हाताऱ्या हमालाकडून ते हे सगळं शिकले होते. वीस वर्षं, एक दिवस न चुकता. समोर बक्षीस नाही, बघणारं कुणी नाही, नुसता हद्दीवरच्या गावातला एक दगड आणि म्हाताऱ्या सासऱ्याचं एक वाक्य. मला त्या माणसाचं तेव्हा जे कौतुक वाटलं, ते आजही तसूभर कमी झालेलं नाही. मी तर डाएट म्हणून साखर सोडली तर ती बुधवारपर्यंत टिकायची.

एका वर्षी अण्णांनी आत्याबाईंचं जातं उचललं. कांबेवर आठच्या आठ दगड. मी, वहिनी आणि खुद्द आत्याबाई साक्षीला होतो. कांब जमिनीवरून सुटली, मांडीपर्यंत आली, अण्णा ताठ उभे राहिले आणि तेवढ्याच सावकाश त्यांनी ती खाली ठेवली. आत्याबाईंनी डोळे पुसले. त्या हमालाच्या हिशेबानं हे त्या दगडापेक्षा कितीतरी जास्त होतं. आता यंदाच्या जत्रेला अण्णा जाणार, असं आम्ही धरून चाललो. अण्णा गेले नाहीत. त्या वर्षी म्हणाले, लग्नसराई आहे, दुकान बंद ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी म्हणाले, गोल दगडाला कांबेसारखी पकड नसते, तो सराव वेगळा. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना निघायच्या आदल्या दिवशी शिंक आली. अशी पाच-सहा वर्षं गेली. दुकानात पानांच्या पत्रावळींजागी कागदाच्या आणि मग थर्माकोलच्या आल्या, धंदा आणखीच हलका झाला, आणि अण्णा अजून तयारीच करत होते. शेवटी एकदा वहिनींनी सुपातले तांदूळ तसेच ठेवले आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "तुमच्या पाठीला काय धाड भरल्या? भ्या हाय ते म्होरल्या अंगाला हाय, छातीत. जरा तिचाबी व्यायाम करा म्हणावं." अण्णांनी त्या दिवशी आठावरच सोडलं.

मग माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी, जत्रेच्या चार दिवस आधी, वहिनींच्या भावाचा दुकानात फोन आला. अप्पांचे पाय गेले होते. दिवाळीपासून अंथरुणावर होते आणि एकच म्हणत होते, जत्रेला मला एकदा देवळात न्या. वहिनींनी पिशवी भरली. "मी जाणार," एवढंच म्हणाल्या, "तुमी याचं का न्हाई ते तुमचं तुमी बगा." दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून दगडांचा आवाज आला नाही. मी खाली पाहिलं तर अण्णा कांबेवर नुसते बसले होते. मला बघून म्हणाले, "मास्तर, दोन दिस सुट्टी मिळंल का तुमास्नी? सोबतीला कोणतर पायजे. परत आडवा आलो तर बाजल्याचा एक कोपरा धरायला."

वहिनी आधीच पुढं गेल्या होत्या; जत्रेच्या दिवशी आम्ही दोघं निघालो. एस.टी.त जागा होती, पण बसलं की खुबे आखडतात म्हणून अण्णा अख्खा रस्ता उभे राहिले. हुपरीला चांदीच्या पैंजणांची पार्सलं घेऊन माणसं चढली-उतरली, त्यांतल्या एकाचंही वाकणं धड नव्हतं, पण अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. गावात शिरलो ते थेट देवळाकडेच गेले. देऊळ ओळखू येत नव्हतं. जीर्णोद्धार झाला होता. अकरा चकचकीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या, भिंतींना फरशी, वर रंगीत दिवे. आणि पायऱ्यांच्या डाव्या हाताला, स्टीलच्या छोट्या कठड्यात, पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेला तो दगड. खाली लाल अक्षरांत 'जावयाचा दगड' असं लिहिलेलं. अर्धा दगड सिमेंटच्या चौथऱ्यात पक्का बसवला होता.

वहिनींचा भाऊ धावत आला. "भावजी, तुमी? आलासा? लई ब्येस झालं," म्हणाला आणि मग अण्णांची नजर बघून सांगू लागला, "त्याचं असं झालं बगा, आताचे जावई समदे पुण्याला. दिसभर काँप्युटरम्होरं बसत्यात. दोघांच्या पाठी गेल्या. मग पंचांनी ठरिवलं, दगडाला हार घालायचा आन् फेटा बांधून घ्यायचा. कुनालाच तरास नको."

अण्णा कठड्याच्या आत गेले. दगडाभोवती फिरले. खाली वाकून, अगदी बरोबर वाकून, त्यांनी दगड आणि चौथरा यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. तीस वर्षांची तयारी त्या बोटाखाली होती. मला त्यांच्याकडं बघवेना. मग ते म्हणाले, "काम चांगलं केलंय. कुठं फट न्हाई."

तेवढ्यात पायऱ्यांपाशी गलका झाला. अप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. अंगावर घोंगडी, डोक्यावर जुना गुलाबी फेटा, आणि फेट्याखाली एवढासा चेहरा. आता खुर्चीसकट वर न्यायचं होतं. चार जण चार पायांना भिडले, आणि चौघंही पाठीला पोक काढून, गुडघे ताठ ठेवून, कमरेतून वाकले.

"थांबा!" अण्णा ओरडले. ते त्यांच्याही नकळत ओरडले असणार, कारण दुसऱ्याच क्षणी ते गोरेमोरे झाले. "पाठी मोडून घेशीला की रं," ते हळू आवाजात म्हणाले.

सगळे थांबले. अप्पांनी मान वळवून, डोळे बारीक करून पाहिलं. "कोण? पत्रावळीचा अळिया?" त्या हद्दीवर जावयाला अळिया म्हणतात. गर्दीत कुणीतरी हसलं. वहिनी पायरीवर उभ्या होत्या, त्यांनी पदर घट्ट धरला. अप्पा अण्णांकडं बघत राहिले आणि अण्णा त्यांच्याकडं. मग म्हातारा म्हणाला, "ये. आता मीच पत्रावळ झालोय. उचल."

अण्णा खुर्चीपुढं सरळ उभे राहिले. पायांत खांद्याएवढं अंतर. चवडे किंचित बाहेर. पार्श्वभाग मागे, पाठ सपाट. एक हात म्हाताऱ्याच्या गुडघ्यांखाली, एक पाठीमागे. आणि ते उठले. मी त्या 'हं'ची वाट बघत होतो. तो आलाच नाही. अकरा पायऱ्या ते एका चालीनं चढले, गाभाऱ्यापुढं थांबले, अप्पांनी हात जोडले, आणि अण्णा कुणी न सांगता प्रदक्षिणेला वळले. अर्ध्या वाटेत म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढला. जावयाचं डोकं आयतंच हाताशी होतं. त्यानं तो फेटा अण्णांच्या डोक्यावर ठेवला. तो एका बाजूला कलला आणि तसाच राहिला, कारण अण्णांचे दोन्ही हात गुंतलेले होते. मी गणिताचा माणूस, एरवी डोळ्यांत पाणी येऊ देत नाही, पण त्या दिवशी माझा नाइलाज झाला.

परतीच्या गाडीत अण्णा बसले, वहिनींच्या शेजारी, फेटा मांडीवर घेऊन. त्यांच्या पाठीला चक्क पोक आला होता. इतक्या वर्षांत मी तो तेवढ्याच वेळी पाहिला. हुपरी मागे गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, लई हलका झालाय हो म्हातारा. 'हं' म्हणायएवढंबी वजन न्हाई ऱ्हायलं." वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. अण्णा फेट्याची घडी उगाच उलगडत आणि परत घालत राहिले.

मला वाटलं, आता परस शांत होणार. दगड सिमेंटमध्ये गेला, फेटा घरात आला, आता अण्णांनी उचलायचं काय आणि कशासाठी? पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खाली गेलो, तर सोप्यात घोंगडी अंथरलेली, खुंटीवर गुलाबी फेटा, अण्णा गुडघ्यांवर आणि वहिनी सूप घेऊन त्यांच्या पोटऱ्यांवर. अण्णा हळूहळू खाली चालले होते. वयाप्रमाणे आता मांड्या जरा थरथरत होत्या, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"आता कशाला अण्णा?" मी विचारलं. "झालं की सगळं."

नाक जमिनीपर्यंत नेऊन अण्णा वर आले, श्वास घेतला आणि म्हणाले, "म्हातारा हलका झाला तसं आमीबी होणार की हो. तवा कुनीतर कुनालातर उचलाय पायजे. हिचे गुडगे आतापास्नं वाजाल्यात."

वहिनींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि पोटऱ्यांवर जरा नीट सरकून बसल्या.